चष्मा आणि दुर्बीण : डोळ्याच्या जागेचा इतिहास



‘दुर्बीण’ आणि ‘चष्मा’ हे दोन्ही शब्द आपल्या मराठीनें फारसीपासून घेतले. दूरचें पाहणारी ती दुर्बीण. आणि ‘चष्म’ म्हणजे डोळा, त्यावरून चष्मा. एकाच भाषेंतून आलेलीं आणि एकाच भिंगाच्या पोटीं जन्मलेलीं हीं दोन भावंडें. परंतु त्यांचें एकमेकांशीं फार काळ पटलें नाहीं. नाकावर चष्मा असलेला मनुष्य दुर्बीण डोळ्याशीं नेतो, तोंच कांच कांचेवर आपटते. दूरचा देखावा काळोखानें वेढला जातो आणि मध्यें एक लहानसें वर्तुळ तेवढें उरतें. असें कां व्हावें, यावर उपाय केव्हां निघाला, आणि आज दुर्बीण विकत घेऊं इच्छिणाऱ्या चष्मेवाल्यानें काय पाहून ती घ्यावी, या गोष्टी मी आज आपल्यापुढें मांडणार आहें.

हा प्रश्न आपल्या पिंपरी-चिंचवड व चाकण भागांत मुद्दाम विचारण्यासारखा आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. पुढें भोसरी, चिंचवड, आकुर्डी आणि नंतर चाकण येथें कारखान्यांची रांग लागली. आयुष्यभर यंत्रावर, आराखड्यावर, मोजमापाच्या बारीक रेघांवर नजर रोवून बसलेल्या पिढ्या एकामागून एक निवृत्त होत आहेत. त्यांच्या हातीं आतां सवड आहे, आणि नाकावर बहुधा चष्मा आहे. सकाळीं पवनेच्या किंवा इंद्रायणीच्या कांठीं उभें राहिलें, घोराडेश्वराची टेकडी चढली, अथवा चाकणहून राजगुरुनगरमार्गें भीमाशंकरच्या अरण्यांत शेकरू पाहण्यास गेलें, कीं जवळ दुर्बीण असावी असें वाटतें. महाराष्ट्र शासनानें २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह ठरविला आहे. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. त्या दिवसांत शाळेंतील मुलेंहि दुर्बीण मागूं लागतात, आणि त्यांतल्याहि कित्येकांना चष्मा असतो.

दूरचें पाहण्याची गरज कांहीं आजची नव्हे. चाकणचेंच उदाहरण घ्या. तेथील संग्रामदुर्ग हा भुईकोट. १६६० च्या उन्हाळ्याअखेर शाहिस्तेखानाची अफाट फौज त्याभोंवतीं येऊन बसली, आणि फिरंगोजी नरसाळा यांनीं थोड्याशा शिबंदीनिशीं तो पन्नासांहून अधिक दिवस झुंजविला. अखेर सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हां किल्ला गेला. अशा किल्ल्याच्या तटावर पहाऱ्यास उभ्या राहणाऱ्या शिपायाचें खरें शस्त्र म्हणजे त्याची नजर. धूळ कोठून उठते, मोर्चे कोणत्या अंगास सरकतात, हें ज्यास दिसे तोच पहाऱ्याच्या कामाचा. ज्याची नजर अधू, त्यास तटावर जागा नव्हती. दूर पाहण्याच्या कामांतून अधू दृष्टीचा मनुष्य वगळला जावा, हा जगभरचाच रिवाज होता. आणि नवल असें कीं, दूर पाहण्याचें यंत्र निघाल्यावरहि तो रिवाज मोडला नाहीं. संग्रामदुर्ग लढत होता तेव्हां युरोपांत दुर्बिणीस बावन्न वर्षें झालीं होतीं. तिचा जन्म पाहण्यासाठीं आपल्याला हॉलंडांत जावें लागेल. पण तत्पूर्वीं चष्म्याची हकीकत थोडक्यांत सांगतों.

चष्मा इटलींत तेराव्या शतकाच्या अखेरीस निघाला. पहिला चष्मा बहिर्गोल भिंगांचा, म्हणजे वाचणाऱ्या म्हाताऱ्या डोळ्यांचा. आपण त्याला ‘चाळिशी’ म्हणतों. वयाच्या आंकड्यावरून वस्तूला नांव पडावें, असा हा मोठा बोलका शब्द आहे. जवळचें दिसतें पण दूरचें दिसत नाहीं अशा डोळ्यांसाठीं अंतर्गोल भिंगें पंधराव्या शतकांत प्रचारांत आलीं. आपल्या देशांत चष्मा केव्हां आला, याचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनीं घेतला व त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. विजयनगरच्या काळांतील व्यासतीर्थ स्वामी चष्म्याच्या साहाय्यानें पोथी वाचीत, असा उल्लेख सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरित’ या संस्कृत ग्रंथांत आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांतली ही गोष्ट. म्हणजे आपल्याकडेहि चष्मा प्रथम आला तो पोथीसाठीं. डोंगर पाहण्यासाठीं नव्हे.

आतां हॉलंड. मिडलबुर्ग या गांवीं हान्स लिपरशे नांवाचा चष्मे करणारा कारागीर होता. त्यानें एका नळीच्या दोन टोंकांस दोन भिंगें बसविलीं : पुढें बहिर्गोल, डोळ्याशीं अंतर्गोल. पाहा, एक चाळिशीचें भिंग आणि एक दूरच्या नंबराचें भिंग. दोन्ही त्याच्या दुकानांत रोज विकलीं जाणारीं! ऑक्टोबर १६०८ मध्यें त्यानें हेगच्या सरकारदरबारीं या यंत्राच्या एकाधिकारासाठीं अर्ज केला. दरबारानें यंत्र पाहिलें, पसंत केलें, आणि लगेच सांगितलें कीं, एका डोळ्यानें पाहणें अवघड जातें. दोन्ही डोळ्यांनीं पाहतां येईल असें करून आणा. त्याप्रमाणें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें दोन नळ्यांची दुर्बीण करून दिलीहि. एकाधिकार मात्र त्यास मिळाला नाहीं, कारण हीच कल्पना आपली आहे असें म्हणणारे दुसरेहि पुढें आले होते. सांगण्याचा मुद्दा असा कीं, आज ज्याला आपण बायनॉक्युलर म्हणतों ती द्विनेत्री दुर्बीण एकनळी दुर्बिणीच्याच वयाची आहे, आणि दोघी चष्म्याच्या दुकानांत जन्मल्या. ज्या दुकानांत गिऱ्हाइकें सगळीं अधू दृष्टीचीं, तेथें जन्मलेलें यंत्र त्या गिऱ्हाइकांच्या चष्म्यास मात्र सामावून घेईना.

याचें कारण त्या डोळ्याकडील अंतर्गोल भिंगांत आहे. १६०९ सालीं गॅलिलिओनें अशीच दुर्बीण स्वतः तयार केली आणि १६१० च्या जानेवारींत गुरूचे उपग्रह पाहिले. पण या रचनेंत एक खोड आहे. दुर्बिणींतून येणारे सारे किरण ज्या एका लहान चकतींत एकवटतात, तेथें डोळ्याची बाहुली नेली तर सगळा देखावा एका दृष्टिक्षेपांत दिसतो. गॅलिलिओच्या रचनेंत ही चकती नळीच्या आंत पडते. तेथें डोळा नेतां येत नाहीं. म्हणून डोळा जितका भिंगाला चिकटवावा तितकें बरें, आणि जितका मागें न्यावा तितका देखावा आंखूड. किल्लीच्या भोंकांतून खोलींत पाहण्यासारखें हें आहे. भोंकाला डोळा लावला तर अर्धी खोली दिसते, वीतभर मागें सरलें तर समोरची भिंतसुद्धां पुरी दिसत नाहीं. चष्मा म्हणजे डोळा आणि भोंक यांमध्यें आलेला अडसरच.

यावर पहिला तोड निघाला तो अशा माणसाच्या बुद्धींतून कीं, ज्याची स्वतःची दृष्टि अधू होती. योहानेस केप्लर लहानपणीं देवी येऊन आजारी पडला आणि त्यांत त्याचे डोळे कायमचे कमजोर झाले. ग्रहांच्या गतीचे नियम शोधून काढणारा हा ज्योतिषी आकाशाकडे स्वतः नीट पाहूं शकत नसे. १६११ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘डायॉप्ट्रिस’ या ग्रंथांत त्यानें दोन्ही भिंगें बहिर्गोल घेऊन दुर्बीण कशी होईल हें मांडलें. या रचनेंत ती प्रकाशाची चकती नळीच्या बाहेर, डोळ्याकडील भिंगाच्या मागें, हवेंत पडते. म्हणजे डोळ्यासाठीं बाहेर जागा निर्माण झाली! डोळ्याकडील भिंगापासून या चकतीपर्यंतचें जें अंतर, त्यालाच आज व्यापारी लोक ‘आय रिलीफ’ म्हणतात. आपण त्याला ‘डोळ्याची जागा’ म्हणूं. आजच्या माझ्या भाषणाचा सारा भार याच एका अंतरावर आहे.

परंतु केप्लरच्या दुर्बिणींत वस्तु उलटी दिसते. ताऱ्याला डोकें आणि पाय नसल्यानें ज्योतिष्याचें त्यावांचून अडत नाहीं. पण रणांगणावर घोडा पाय वर करून धांवतांना दिसूं लागला, तर सेनापतीनें काय करावें? आणखी भिंगें घालून देखावा सुलटा करतां येई. परंतु मग नळी लांबच लांब होई. आपल्या मावळांतलेंच उदाहरण सांगतों. जानेवारी १७७९ मध्यें मुंबईकर इंग्रजांची फौज पुण्यावर चालून आली आणि वडगांव येथें तिला शरण यावें लागलें. त्या स्वारींत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. आपल्या लोकांनीं त्याच्या शौर्यावरून त्याला ‘इष्टुर फांकडा’ असें नांव दिलें. झाडावर चढून तो मराठी फौजेचा अंदाज घेत असतां तोफेचा गोळा लागला, अशी आख्यायिका आहे. त्या काळच्या अशा अधिकाऱ्यांच्या सामानांत दुर्बीण असे ती एका नळीची, पितळी, ओढून लांब करावयाची. एका हातानें फांदी धरावी, दुसऱ्या हातानें नळी सांवरावी, एक डोळा मिटावा. त्यांत चष्मा लावणाराची काय कथा!

एकोणिसाव्या शतकांत द्विनेत्री दुर्बीण पुन्हां पुढें आली, ती प्रथम नाटकगृहांत. १८२३ सालीं व्हिएन्ना येथें फोक्टलेंडर यानें नाटकें पाहण्यासाठीं दोन नळ्यांच्या लहान दुर्बिणी विकावयास आणल्या. पण त्या गॅलिलिओच्याच रचनेच्या. डोळ्यास बाहेर जागा नाहीं. १८५४ सालीं इग्नाझिओ पोरो या इटालियन गृहस्थानें लोलकांच्या साहाय्यानें किरण वळवून उलटा देखावा सुलटा करण्याची युक्ति काढली व तिचा एकाधिकार घेतला. यामुळें केप्लरची रचना आंखूड नळींत बसूं लागली. परंतु त्या वेळीं लोलकांना लागणारी निर्दोष कांच मिळेना. ती जर्मनींत येना येथें १८८४ नंतर ओटो शॉट यांच्या भट्टींत तयार होऊं लागली. आणि १८९४ सालीं त्याच गांवीं झाइस यांच्या कारखान्यानें एर्न्स्ट आबे यांच्या आंखणीप्रमाणें लोलकांची द्विनेत्री दुर्बीण बाजारांत आणली. आज जुन्या घरांतून जी खांदे पडलेली, दोन्ही बाजूंस फुगीर दुर्बीण आढळते, तिची ही आजी.

आतां तरी चष्मेवाल्याचें काम व्हावयास हवें होतें. कारण केप्लरनें दिलेली जागा आतां हातांत धरावयाच्या दुर्बिणींत आली होती. पण ती जागा फारच तोकडी ठेवली गेली. जुन्या दुर्बिणींत ती बहुधा दहा मिलिमीटरच्या आंतबाहेर असते. उघडा डोळा वाटीला टेकला तर तेवढी पुरते. चष्म्याची कांच मात्र डोळ्याच्या पृष्ठभागापासून बारा ते चौदा मिलिमीटर पुढें असते. म्हणजे दुर्बीण चष्म्याला टेकण्यापूर्वींच जागा संपलेली असते! शिवाय डोळ्याकडील भिंगांच्या ज्या साध्या जुळण्या त्या काळीं होत्या, त्यांत देखावा रुंद करावा तर डोळ्याची जागा कमी होई, आणि जागा वाढवावी तर देखावा अरुंद होई अथवा भिंग मोठें व महाग करावें लागे. गिऱ्हाईक कोण, तर सैन्य, आरमार आणि शिकारी. भरती होतांनाच ज्यांची नजर तपासली जाते अशा लोकांसाठीं यंत्र घडवावयाचें, तर चष्म्याची पर्वा कारखानदारानें कां करावी? तटावरचा जुना पहारेकरीच येथें नव्या वेषांत उभा होता.

इकडे चष्म्याचा इतिहासहि स्वस्थ बसला नव्हता. अठराव्या शतकांत चष्म्याला कानावर टेकणाऱ्या काड्या आल्या. तेव्हांपासून तो हातांत धरावयाची वस्तु न राहतां चेहऱ्याचा भाग झाला. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत बेंजामिन फ्रँक्लिन यानें जवळच्या व दूरच्या अशा दोन नंबरांच्या कांचा एका चौकटींत बसविल्या. आणि १८२५ सालीं जॉर्ज एअरी या इंग्रज गणितज्ञानें, जो पुढें राजज्योतिषी झाला, स्वतःच्या डाव्या डोळ्याचा एक निराळाच दोष दुरुस्त केला. त्याच्या त्या डोळ्यास उभ्या व आडव्या रेघा एकाच वेळीं स्पष्ट दिसत नसत. त्यासाठीं त्यानें एका अंगानें दंडगोलाप्रमाणें वळलेली कांच घासून घेतली. आपल्या चष्म्याच्या कागदावर ‘सिलिंडर’ म्हणून जो आंकडा लिहिलेला असतो, त्याचा उगम हा. दुर्बीण घेणाऱ्यास हा आंकडा फार महत्त्वाचा आहे. तो कां, तें सांगतों.

‘चष्मा काढून पाहा, आणि चक्र फिरवून चित्र स्पष्ट करून घ्या,’ असा सल्ला चष्मेवाल्यास फार दिवस दिला जात आला आहे. साध्या नंबराच्या बाबतींत तो शास्त्रानें खोटा नाहीं. दुर्बिणीचें चक्र फिरविल्यानें जो फरक पडतो, तो चष्म्याच्या साध्या नंबरासारखाच असतो. म्हणून सौम्य अगर मध्यम नंबराची भरपाई चक्र करूं शकतें. मात्र एअरीच्या दोषाची भरपाई कोणतेंहि चक्र करूं शकत नाहीं. त्याला ती वळणदार कांचच डोळ्यापुढें हवी. सिलिंडरचा नंबर अगदीं किरकोळ असला तर चालून जाईल. एकाहून अधिक असेल, तर चष्मा काढून दुर्बिणींतून पाहणें म्हणजे चांगल्या यंत्राचें मोल पाण्यांत घालणें होय. नंबर फारच मोठा असला, तर चक्र टोंकास जाऊन थांबतें आणि दूरचें झाड धूसरच राहतें, हीहि अडचण आहे.

तिसरी अडचण शास्त्राची नव्हे, व्यवहाराची. दुर्बिणीनें पक्षी शोधावयाचा नसतो. आधीं डोळ्यांनीं शोधावयाचा, नजर त्यावरून न काढतां दुर्बीण मध्यें आणावयाची. चष्मेवाल्यास पक्षी सांपडतो तो चष्म्यांतून. मग त्यानें चष्मा काढावा, तो कोठें ठेवावा, दुर्बीण उचलावी, आणि पाहावें तों खंड्या पवनेच्या पलीकडच्या कांठावर! शाळेच्या सहलींत मीं हें अनेक वेळां पाहिलें आहे. वर्गांत तीस मुलें आणि दुर्बीण एक. चष्मा नसलेला मुलगा ‘दिसला, दिसला’ म्हणून ओरडतो. चष्म्याची मुलगी दोन क्षण दुर्बीण डोळ्यांशीं धरते, कांहीं न बोलतां पुढच्याला देते, आणि विचारलें तर ‘हो, दिसला’ असें म्हणते. तिला दिसलेला नसतो. आपले डोळेच वाईट, अशी तिची समजूत होते आणि ती पुढच्या खेपेस रांगेंत उभी राहत नाहीं. दोष तिच्या डोळ्यांचा नसतो; पांच-सात मिलिमीटर जागेचा असतो. एवढ्याशा जागेपायीं एखाद्या मुलीची निसर्गाविषयींची गोडी कायमची तुटते, म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाहीं.

हा दोष आपला आहे असें कारखानदारांनीं मान्य केलें तें १९५८ सालीं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी दुभंगली, आणि झाइस यांचा एक कारखाना पश्चिमेस ओबरकोखेन येथें उभा राहिला. तेथून त्या वर्षीं आठपट मोठें दाखविणारी, तीस मिलिमीटर भिंगाची एक दुर्बीण बाहेर पडली, आणि तिच्या आंकड्यापुढें ‘बी’ हें अक्षर होतें. जर्मन भाषेंत चष्म्याला ‘ब्रिले’ म्हणतात, त्याचें हें आद्याक्षर. डोळ्याकडील भिंगांची जुळणी बदलून प्रकाशाची चकती इतकी मागें नेली होती कीं, चष्मा लावणाऱ्यासहि पुरा देखावा दिसावा. लिपरशेच्या दुकानांतून दुर्बीण निघाली १६०८ सालीं; चष्मेवाल्याचें नांव तिच्यावर कोरलें गेलें १९५८ सालीं. मध्यें बरोबर साडेतीनशें वर्षें गेलीं.

तोंवर चष्मा लावणारे लोक स्वस्थ बसले होते असें मात्र नाहीं. मुंबईंत १८९६ सालीं जन्मलेले डॉ. सलीम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक १९४१ सालीं निघालें. १९८७ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांचीं छायाचित्रें आठवा : डोळ्यांवर चष्मा आणि गळ्यांत दुर्बीण. चष्मा हा पक्षी पाहण्याच्या आड येत नाहीं, याला याहून मोठा पुरावा नको.

आतां निवडीकडे वळतों. दुर्बिणीवर ‘आठ गुणिले बेचाळीस’ असे दोन आंकडे असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट जवळ दिसेल तो; दुसरा पुढील भिंगाचा मिलिमीटरांतील व्यास. दुसऱ्यास पहिल्यानें भागावें, म्हणजे प्रकाशाच्या चकतीचा व्यास येतो. येथें तो सव्वापांच मिलिमीटर आहे. दहा गुणिले पंचवीस या खिशांतील दुर्बिणींत तो अवघा अडीच आहे. चकती लहान असली कीं बाहुली तिच्याशीं नेमकी जुळवावी लागते. चष्म्यामुळें डोळा आधींच थोडा इकडेतिकडे सरकतो, म्हणून चष्मेवाल्यास चार-पांच मिलिमीटरांची चकती सुखाची. सात गुणिले पन्नास या दुर्बिणींत ती सातांहून थोडी अधिक येते. पण साठीच्या माणसाची बाहुली अंधारांतहि बहुधा तितकी उघडत नाहीं, तेव्हां वरचा प्रकाश फुकट जातो आणि वजन मात्र मानेला पडतें. हात थरथरत असेल तर दहापटीपेक्षां आठपट बरी.

हे आंकडे दुर्बिणीच्या अंगावर लिहिलेले असतात. डोळ्याची जागा किती, हें मात्र सोबतच्या कागदावर शोधावें लागतें. चष्मेवाल्यानें ती निदान पंधरा मिलिमीटर असल्याची खात्री करावी. सतरा-अठरा असली तर अधिक चांगलें, आणि चष्म्याची कांच जाड असेल तर तेवढी हवीच. परंतु कागदावरच्या आंकड्यावर विसंबूं नये. तो भिंगाच्या पृष्ठभागापासून मोजलेला असतो, आणि भिंग कांठाच्या आंत दोन-तीन मिलिमीटर बसविलेलें असतें. तेवढी जागा वायां जाते. म्हणून स्वतः मोजावें. आपल्या भागांत तर हें सोपें आहे. ज्याच्या हातांतून जन्मभर व्हर्निअर कॅलिपर गेला, त्याला दोन मिलिमीटर म्हणजे काय हें कोणीं शिकवावयास नको. डोळ्याकडील रबरी वाट्या पुऱ्या दुमडाव्या किंवा फिरवून खालीं बसवाव्या. दुर्बीण उजळ आकाशाकडे रोखावी. सूर्याकडे मात्र चुकूनहि नव्हे. मग डोळ्याकडील बाजूस एक पांढरा कागद धरून तो हळूहळू मागें न्यावा. एका ठिकाणीं प्रकाशाची चकती लहान आणि कांठांवर अगदीं रेखीव दिसेल. वाटीच्या कांठापासून तेथपर्यंतचें अंतर मोजावें. तें पंधराच्या आसपास भरलें, तर ती दुर्बीण चष्मेवाल्याच्या कामाची.

याहूनहि सोपी परीक्षा दुकानाच्या दारांत उभें राहून करतां येते. नेहमींचा चष्मा लावूनच पाहावें. देखाव्याच्या वर्तुळाचा कांठ चहूंकडून काळा, रेखीव दिसला पाहिजे. आणि नंतर चष्मा काढून डोळा जवळ नेला, तर देखावा फारसा वाढतां कामा नये. वाढला, तर जागा अपुरी आहे. वाट्यांना रबर असावें, नाहींतर चष्म्याच्या कांचेवर ओरखडे उठतील. दोन नंबरांचा अथवा क्रमानें बदलणाऱ्या नंबराचा चष्मा असेल, तर त्याच्या वरच्या भागांतून पाहावें. नुसती चाळिशी असेल, तर ती दुर्बिणीसाठीं लावूं नये.

शेवटीं दोन्ही डोळ्यांचा मेळ. उजवा डोळा मिटून, मधलें चक्र फिरवून डाव्यानें चित्र स्पष्ट करावें. मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून उजव्यास स्पष्ट करावें. ही खूण एकदां लक्षांत ठेवली, कीं पुढें मधल्या चक्रानें भागतें. चष्मा लावून पाहणारास ही कडी बहुधा शून्याजवळच राहते, कारण दोन डोळ्यांतील भेद चष्म्यानेंच मिटविलेला असतो. दोन नळ्यांमधलें अंतरहि आपल्या डोळ्यांइतकें करून घ्यावें. घरांत अनेकांनीं वापरावयाची दुर्बीण असेल, तर वाट्या वरखालीं होणाऱ्या घ्याव्या. म्हणजे चष्म्याच्या आजोबांनीं त्या खालीं कराव्या आणि बिनचष्म्याच्या नातवानें वर.

ज्यांची दृष्टि अधू, त्यांना दूर पाहण्याच्या कामांतून वगळण्याची चाल फार जुनी होती. आणि ती मोडली ती कोणा सेनापतीच्या हुकमानें नव्हे, तर भिंगाची जुळणी बदलून मिळविलेल्या थोड्याशा मिलिमीटरांनीं. तेवढी जागा आतां साध्या किंमतीच्या दुर्बिणींतहि मिळूं लागली आहे. ती मागून, मोजून घेणें हें मात्र गिऱ्हाइकाचें काम. शाळेसाठीं दुर्बीण घेणाऱ्या शिक्षकबंधूंनीं व भगिनींनीं तर वर्गांतला ज्याच्या चष्म्याचा नंबर सर्वांत मोठा तो विद्यार्थी बरोबर न्यावा आणि त्याला दिसेल ती दुर्बीण पसंत करावी. त्याला दिसली, तर सगळ्यांना दिसेल.